ठमीचे कान

गाय अडली तर काय करायचं ते मला कॉलेजात शिकवलं होतं. म्हैस फुगली तर काय, कोंबड्यांना मर लागली तर काय, तेही शिकवलं होतं. कुत्रं ढगांच्या गडगडाटाला भिऊन कपाटामागे शिरलं तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. शिकवायला हवं असं कुणाला वाटलंही नसेल. नोकरीची बहुतेक वर्षं मी मावळातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काढली. त्या काळात कुत्रं दवाखान्यात यायचं ते दोन कारणांनी. ते कुणाला चावलं म्हणून, नाहीतर दुसरं कुत्रं त्याला चावलं म्हणून. ‘आमचं कुत्रं घाबरतंय’ असं सांगत एखादा शेतकरी आला असता, तर बाहेर रांगेत बसलेल्या लोकांनी त्याला वर्षभर चिडवलं असतं.

पुढे मळवली-लोणावळ्याकडे बंगले वाढले आणि बंगल्यांबरोबर कुत्री वाढली. मालकांच्या गाडीतून शनिवारी येणारी केसाळ, परदेशी जातीची. आणि मालक नसताना बंगला राखणारी गावठी. निवृत्तीनंतर मी लोणावळ्यात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत छोटा दवाखाना काढला तेव्हा गाईम्हशी मागे पडल्या आणि कुत्र्यांचाच राबता सुरू झाला. त्यातल्या पुष्कळ तक्रारी आवाजाच्या.

मळवलीतल्या एका बंगल्याचे मालक आपला अल्सेशियन घेऊन आले होते. वळवाच्या पावसात त्याने बाथरूमचं दार कुरतडून स्वतःचे दात मोडून घेतले होते. मालकांना दातांपेक्षा अब्रूची काळजी जास्त. म्हणाले, “डॉक्टर, ह्याच्या बापाने बक्षिसं मिळवलीयत. हा घाबरतो कसा?” मी म्हटलं, “ढग गडगडताना बापाला कुणी पाहिलंय का? तोही घाबरत असेल.” ते त्यांना रुचलं नाही. उर्स्याकडचं एक कुत्रं दिवाळीत फटाक्यांना भिऊन दावं तोडून पळालं, ते टोलनाक्यावर एका टपरीखाली अंग चोरून बसलेलं सापडलं. तिथल्या लोकांनी बिस्किटं घालून बांधून ठेवलं म्हणून वाचलं. एवढ्या गाड्यांमधून ते तिथवर पोचलं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.

ज्यांनी कुत्रं पाळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो कुत्र्याला फार लांबून, फार आधी आणि फार स्पष्ट ऐकू येतो. तो कशाचा आहे आणि कधी थांबणार हे त्याला ठाऊक नसतं. अशा वेळी लोक त्याच्यावर ओरडतात, किंवा ‘सवय होऊ दे’ म्हणून अंगणात बांधून ठेवतात. सवय होत नाही, भीती वाढते. जवळ घेतलं तर लाडावेल असंही लोकांना वाटतं. भीती ही काही खोड नव्हे. जवळ घेतल्याने ती वाढत नाही. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी अशा कुत्र्यांना गुंगीचं औषध देत असू. त्याने कुत्रं हलायचं बंद होतं आणि घरातले सुटतात, पण आतून ते तितकंच घाबरलेलं राहतं. आता भीतीच कमी करणारी औषधं आली आहेत. पण नुसत्या औषधाने निभत नाही. बाकीचं काम घरच्या माणसाला करावं लागतं, आणि ते सावकाशीचं काम आहे.

हे काम ज्याला करताच येणार नाही असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं, त्या माणसाची आणि त्याच्या कुत्रीची ही गोष्ट.

भातलावणीचे दिवस होते. रंजना नावाची एक बाई रिक्षातून कुत्री घेऊन आली. तांबूस रंगाची, मध्यम बांध्याची गावठी कुत्री, टोकाशी काळे असलेले उभे कान. रिक्षाच्या आवाजानेच ती इतकी थरथरत होती की रंजनाने तिला ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. रंजना तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर. सुट्टी टाकून आली होती.

“हिचं नाव ठमी,” ती म्हणाली. “आमच्या आबांची कुत्री. वडिवळ्याला असतात ते. हिला काहीतरी द्या मॅडम, नाहीतर मला आबांना तिथून हलवावं लागेल.”

कुत्रीसाठी वडिलांना का हलवायचं, ते मला कळेना. मग तिने सगळं सांगितलं.

आबांनी उमेदीची वर्षं दगडखाणीवर सुरुंग लावण्यात घालवली. त्यात कान हळूहळू गेले आणि म्हातारपणी पूर्णच गेले. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, पण त्यातून नुसती घरघर येते म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. बायको होती तोवर अडलं नाही. ती वारल्यावर रंजना ‘तळेगावला चला’ म्हणून मागे लागली, तेव्हा आबांनी पिल्लू असलेली ठमी दाखवून सांगितलं, “ही हाय की.”

ठमीला कुणी काही शिकवलं नव्हतं. फाटक वाजलं की ती आबांपाशी येऊन त्यांच्या गुडघ्याला नाक लावायची आणि दाराकडे चालू लागायची. फोन थरथरला की नाक; रंजनाशी ते व्हिडिओवर, तिचे ओठ बघत बोलायचे. कुकरची शिट्टी झाली की नाक; आबा शिट्ट्या तिच्यावरून मोजायचे आणि गॅस बंद करायचे. अशी त्यांची वर्षं मजेत गेली होती.

त्या मे महिन्यात वळीव आला आणि कुंपणालगतच्या आंब्यावर वीज पडली. ठमी तेव्हा अंगणात होती. तिला कुठे इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून ती खाटेखाली गेली. आधी गडगडाटाला, मग ट्रॅक्टरला, मग फाटकाच्या कडीला, शेवटी कुकरच्या शिट्टीलाही. एका सकाळी पहिल्याच शिट्टीला ती पळाली. आबा पडवीत विळ्याला धार लावत वाट बघत बसले आणि आत कुकर कोरडा पडून जळला. धूर दिसल्यावर शेजारचे धावत आले.

“त्या दिवशी मी ठरवलं,” रंजना म्हणाली. “पण ते हिला सोडून येणार नाहीत. आणि हिला तळेगावला नेऊ कशी? खाली रस्ता, समोर मंगल कार्यालय, रोज डीजे. तिथं तर ही मरूनच जाईल.”

मी ठमीला तपासलं. अशा कुत्र्यांत कधीकधी कानाचं किंवा सांध्यांचं दुखणंही असतं, म्हणून ते आधी बघावं लागतं. तसं काही नव्हतं. मी म्हटलं, “हिच्यावर काम करता येईल. पण ते तिच्याबरोबर राहणाऱ्या माणसाने करायला हवं. आवाज अगदी हळू ऐकवायचा, मग थोडा वाढवायचा, असं रोज.”

रंजना माझ्याकडे बघत राहिली. “मॅडम, त्यांना आवाज हळू आहे का मोठा, हे कळणार कसं?”

मी म्हटलं, रविवारी येते.

कामशेत सोडून वडिवळ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना खाचरं, आणि पुढे धरणाचं पाणी. आबांचं घर वस्तीच्या कडेला, दोन खोल्या आणि पुढे पडवी. आबा बारीक अंगाचे, ताठ, डोक्यावर पांढरी टोपी. मी फाटकातून आत शिरताना त्यांचं लक्ष नव्हतं. रंजनाने पुढे होऊन खांद्याला हात लावला तेव्हा वळले आणि हसले.

“जय भीम, डॉक्टरबाई. या. मोठ्यानं बोलू नगा, त्याचा उपेग न्हाई. तोंड माज्याकडं करून बोला, मला कळतंय.”

मी तोंड त्यांच्याकडे करून बोलू लागले. ते माझ्या ओठांकडे, मधूनच भुवयांकडे, अगदी मन लावून बघत होते. ठमी खाटेखाली होती. तिचं नाक तेवढं दिसत होतं.

“माजं कान हायत ते,” आबा म्हणाले. “आता कानच खाटंखाली जाऊन बसल्यावर मी काय करू?”

मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. खाटेखालची जागा तिची. तिथून तिला कधी ओढून काढायचं नाही. उलट खाटेला बाजूंनी गोधडी सोडा, म्हणजे तिला आडोसा होईल. ढग भरून आले की मी दिलेली गोळी द्यायची. आणि आवाजाचा धडा. रंजनाने मुठीएवढा स्पीकर आणला होता. फोनवर गडगडाटाचं रेकॉर्डिंग लावायचं आणि ते त्या स्पीकरवरून ऐकवायचं. आवाज किती, ते फोनच्या पडद्यावर रेघेने दिसतं, म्हणजे ऐकू येण्याची गरज नाही. आवाज झाला की लगेच ठमीला तिच्या आवडीचा तुकडा द्यायचा. ठमीचा जीव सुक्या बोंबलावर. मिठाचा त्रास नको म्हणून तो धुऊन, पुन्हा वाळवून घ्यायचा.

“आधी आवाज, मग तुकडा,” मी दोनदा सांगितलं. “उलटं केलंत तर ती बोंबलालाच भिऊ लागेल.”

“आन जास्ती झालं त्ये कसं कळायचं?”

“तिच्याकडे बघून. कान मागे गेले, ओठ चाटू लागली, उगाच जांभई दिली, तर थांबायचं. तुकडा घेतला नाही, म्हणजे तर फारच झालं.”

आबांनी मान हलवली. म्हणाले, “बगायचं काम हाय व्हय? मग जमंल.”

सुरुवात चांगली झाली. रंजना फोनवरून मला खबर देत होती. ठमी खाटेखालून बाहेर येऊन आबांपाशी बसू लागली होती, रेघ थोडी पुढे सरकली होती. मावळात आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो, पण गडगडाट फारसा नसतो. ढग वाजतात ते मे महिन्यात आणि परतीच्या पावसात. त्यामुळे मधले महिने आमच्या हातात होते आणि मी निश्चिंत होते.

मग एका दुपारी धडा चालू असताना रंजनाने आबांना फोन केला. तिला वेळ लक्षात राहिली नाही, आणि फोन स्पीकरला जोडलेला असला की त्याची रिंगही स्पीकरमधूनच वाजते हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. रिंगचं गाणं ढोलताशाचं. ठमीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ते सगळ्या जोराने वाजलं. आबांना काहीच ऐकू आलं नाही. ते हातात तुकडा धरून बसले होते आणि ठमी एकाएकी मागच्या दाराने पावसात का पळाली, हे त्यांना कळेना. फोनचा पडदा उजळलेला त्यांनी नंतर पाहिला.

ते बांधाबांधांवरून तिला हाका मारत फिरले. हाकेला ती भुंकली असती तरी त्यांना कळलं नसतं, म्हणून प्रत्येक गोठा, प्रत्येक वळचण वाकून बघावी लागली. संध्याकाळी ती शेजारच्या गोठ्यात गव्हाणीखाली सापडली. त्यांनी तिला खांद्यावर टाकून घरी आणलं. त्यात त्यांना ताप भरला.

रंजना धावत आली. ताप उतरेपर्यंत वडिवळ्याला राहिली आणि जाताना मला फोन केला. रडत होती. “माझ्याच फोनने झालं, मॅडम. आता बस. भातं निघाली की मी आबांना घेऊन जाते. ठमीचं काय ते तेव्हा बघू.”

मी तिला दोष कसा देणार? पावसात वडील शेतांतून भटकत होते, आणि तिला ते कळलं कधी, तर शेजाऱ्याचा फोन आल्यावर. तिच्या जागी मीही तेच ठरवलं असतं.

तरी पुढच्या रविवारी मी वडिवळ्याला गेले. स्पीकर कोनाड्यात होता. त्याच्याकडे माझा हात जाताच ठमी खाटेखाली गेली.

“त्ये डबडं तुमी घिऊन जावा,” आबा म्हणाले. मग चहा ठेवला. चहा पिताना आपणहून सांगू लागले.

“मी पयल्यांदा खाणीवर गेलतो तवा लय बारीक हुतो. सुरुंग उडाला आन मी जो पळालो, पार वढ्यापातुर. माज्या मागनं मुकादम आला. मला वाटलं, आता शिव्या देतोय, घरी लावून देतोय. त्यो जवळ बसला. म्हनला, आज हितनंच बग. दुसऱ्या दिशी म्हनला, त्या बाभळीपातुर चल. मग टेकाडापातुर. कुणी मला वढत न्येलं न्हाई, डॉक्टरबाई. म्हणून तर ऱ्हायलो.”

“मग हिलाही तसंच न्यायचं,” मी म्हटलं.

“पर त्ये डबडं नगं. त्येचा आवाज माज्या हातात न्हाई.”

हे त्यांचं खरं होतं. त्यांना हातात जाणवेल असा आवाज हवा होता. थाळीचं कुणाला आधी सुचलं ते आता आठवत नाही. बोलता बोलता निघालं. आबांनी पितळेची मोठी थाळी मांडीवर घेतली, तिला गोधडी गुंडाळली आणि वरून लाकडी पळीने हलकेच मारलं. मला ‘धप्’ एवढंच ऐकू आलं. त्यांना मांडीत जाणवलं. ठमीने कान फिरवला. आबांनी तुकडा पुढे केला. थोडा वेळ गेला, मग खाटेखालून नाक बाहेर आलं आणि तुकडा नाहीसा झाला.

तिथून पुढे रोज हा धडा. गोधडीची एकेक घडी कमी होत गेली, मग गोधडीच्या जागी लुगडं आलं, मग पंचा. कधी ठमी मागे गेली तर आबा त्या दिवशी थाळी ठेवून द्यायचे. माझ्याकडे येणाऱ्या मालकांना मी हेच सांगत असते, पण त्यांना घाई असते. पुढच्या शनिवारी पाहुणे यायचे असतात. आबांना घाई नव्हती. आणि बघण्याचं म्हणाल, तर माणसांची तोंडं वाचूनच त्यांचे दिवस जात होते, त्यांना कुत्रीचं तोंड वाचायला वेगळं शिकावं लागलं नाही. माझ्या नजरेतून सुटलेल्या बारक्या गोष्टीही त्यांनी मला दाखवल्या. ठमी घाबरायच्या आधी पुढचा डावा पाय किंचित उचलून धरायची, ही त्यातली एक. ती मी दुसऱ्याही काही कुत्र्यांत पाहिली.

गणपतीत वस्तीवर ढोल वाजले तेव्हा आबा तिला घेऊन लांबच्या बांधावर जाऊन बसले. दोघांनी मिरवणूक तिथून पाहिली, बोंबील खात. म्हणजे ठमीने बोंबील खाल्ला, आबांनी तंबाखू. दसऱ्याच्या सुमारास कुकरची शिट्टी झाली आणि ठमी येऊन गुडघ्याला नाक लावून गेली. आबांनी ते शेजाऱ्याला सांगून मला फोनवर कळवलं.

मी रंजनाला मात्र खोटी आशा लावली नाही. थाळी आणि कुकर ठीक आहे, पण खऱ्या वादळात वीज चमकते, हवा बदलते, वास बदलतो, घर हादरतं. त्याची तालीम घरात करता येत नाही. तिनेही बेत बदलला नव्हता. भातकापणी सुरू झाल्यावर तिचा फोन आला. “उद्या दुपारी त्यांना न्यायला जातेय. तुम्ही याल का बरोबर? तुमचं ऐकतात ते. ठमी महिनाभर तुमच्याकडे राहिली तर मी काही सोय बघते.”

मी हो म्हटलं. मनाला बरं वाटत नव्हतं, पण म्हटलं.

माझ्या गाडीनेच गेलो. मागच्या सीटवर रंजनाने आबांच्या कपड्यांसाठी मोठी रिकामी बॅग ठेवली होती. कामशेतपर्यंत ऊन होतं. वडिवळ्याच्या रस्त्याला लागलो आणि धरणापलीकडून काळंकुट्ट आभाळ वर आलं. खाचरांत कापलेलं भात पसरलेलं, आणि माणसं ते गोळा करायला धावत होती. आम्ही आबांच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा थेंब सुरू झाले, आणि दार गाठेपर्यंत पाऊस कोसळू लागला. दाराला आतून कडी होती.

रंजनाने दार वाजवलं. मग थापा मारल्या. थापांवर ढग गडगडला. पडवीत वाऱ्याने पाणी आत येत होतं. आम्ही दोघी चिंब झालो. दाराशेजारची खिडकी अर्धी उघडी होती. तिथून आतलं दिसत होतं.

आबा खाटेशेजारी जमिनीवर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. खाटेची गोधडी थोडी वर केलेली होती आणि आत अंधारात ठमी होती. तिचे कान आणि डोळे तेवढे दिसत होते. ती थरथरत होती. वीज चमकली. आबांनी मान वर केली नाही, ते ठमीच्या कानांकडे बघत होते. गडगडाट आला तसे तिचे कान थरकले, आणि त्याच क्षणी आबांचा हात पुढे गेला. तिने तुकडा घेतला.

मी रंजनाच्या दंडाला धरलं. ती थाप मारणार होती, ती थांबली.

पुन्हा वीज. पुन्हा कान हलला, पुन्हा हात गेला. आबांना आवाज ऐकू येत नव्हता, पण तो कधी आला ते त्यांना अचूक कळत होतं. ते काहीतरी हळू बोलत होते, काय ते पावसात ऐकू आलं नाही. ठमीचं थरथरणं थांबलं नव्हतं, पण ती खात होती. आमच्या धंद्यात ह्याचा अर्थ मोठा असतो. अगदी हबकलेलं कुत्रं खात नाही.

“आता वाजव,” मी म्हटलं.

रंजनाने दारावर हाताने तीनचार थापा मारल्या, मोठ्याने नव्हे. ठमीचे कान दाराकडे वळले. आबांनी तुकडा पुढे केला, तो तिने घेतला नाही. ते गोंधळले, वीज तर चमकली नव्हती. ठमीने पुढचा डावा पाय उचलून धरला. आता ती मागे सरणार असं मला वाटलं. मग तिने तो पाय खाली टेकला आणि पोट जमिनीला घासत, सरपटत बाहेर आली. तेवढ्यात पुन्हा गडगडलं. ती जागच्या जागी चपटी झाली, कान पार मानेला चिकटले. रंजनाने माझा हात घट्ट धरला होता. आवाज विरला तशी ठमी उठली, शेपूट पोटात घालूनच दोन पावलं गेली, आबांच्या गुडघ्याला नाक लावलं, आणि दाराकडे चालू लागली.

आबांनी दार उघडलं तेव्हा ठमी त्यांच्या पायांमागे उभी होती. थरथरत होती, पण उभी होती.

“आगं, भिजलाव की,” आबा म्हणाले. “किती येळ उब्या हाय?”

“आत्ताच आलो, आबा,” रंजना म्हणाली.

ती खाली बसली आणि ओल्या हातांनीच ठमीचं तोंड धरलं. मग उठून चूल-गॅस बघितला, चहा टाकला, वडिलांना म्हणाली, “कौलं गळतायत त्या कोपऱ्यात. पुढच्या रविवारी माणूस घेऊन येते.” तळेगावला यायचा विषय तिने काढला नाही. आबांनीही विचारलं नाही. पाऊस उघडल्यावर आम्ही निघालो, तेव्हा मागच्या सीटवरची बॅग तिने पायाशी ठेवली आणि वाटेत कामशेतला थांबून ठमीसाठी बोंबील घेतले. आबांसाठी काय घेतलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “त्यांना ठमी आहे.”

ह्याला आता काही वर्षं झाली. ठमी धीट झाली असं मी म्हणणार नाही. दिवाळीत ती अजून खाटेखाली असते आणि तिला गोळी लागते. पण फटाका थांबला की ती बाहेर येते, पूर्वी दिवस दिवस यायची नाही. रंजनाने दाराला अशी बेल बसवून घेतली आहे की दाबली की आत दिवा लागतो. आबा म्हणतात, दिवा लागायच्या आत ठमी येऊन उभी राहते, विजेचं बिल उगाच. आता त्यांची नात सुट्टीत येऊन राहते आणि तीही थाळीवर पंचा टाकून धडा घेते.

मळवलीच्या अल्सेशियनचं मात्र नीट झालं नाही. मालकांनी धडे दोन शनिवार केले आणि सोडून दिले. पुढे त्यांनी बंगलाच विकला. कुत्र्याचं काय झालं ते मला कळलं नाही. असे बरेच आहेत. भित्रं कुत्रं राखणीच्या कामाचं नाही म्हणून घाटात सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या कुत्र्यांना माझ्यापर्यंत कुणी आणलंच नाही. ह्या कामाला मी उशिरा लागले, ह्याची रुखरुख आहे. पण लागले हेही काही कमी नाही, असं आता वाटतं.

गेल्या मे महिन्यात एका म्हशीसाठी वडिवळ्याला बोलावणं होतं. अजूनही जुने लोक म्हशीला मीच लागते म्हणतात. परतताना आबांकडे टेकले. पडवीत आम्ही दोघं बसलो होतो. ऊन तापलं होतं, धरणाच्या पाण्यावर एक ढग नव्हता. ठमी आबांच्या पायाशी पसरली होती. तोंडाभोवती आता ती पांढरी झाली आहे. मधेच तिने मान उचलली आणि एक कान डोंगराकडे वळवला. आबांनी बंडीच्या खिशातून बोंबलाचा तुकडा काढून तिला दिला.

“गडगडाय लागलं तिकडं,” ते म्हणाले.

मी कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

आबांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, “तुमाला न्हाई आलं व्हय?”